संत, ढाली आणि साडेतीन ग्रॅम सोने

१५२० च्या जुलै महिन्यात न्यूरेम्बर्गचा चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर बायको आग्नेस आणि एका मोलकरणीला घेऊन नेदरलँड्सच्या प्रवासाला निघाला. सम्राट मॅक्सिमिलियनने त्याला वर्षाला १०० गुल्डनची, म्हणजे सोन्याच्या नाण्यांची, नेमणूक लावून दिली होती. सम्राट वारला, आणि ती पुढे चालू राहावी म्हणून नव्या राजाची, पाचव्या कार्लची, मंजुरी आणायची होती. ड्यूरर हिशेबी माणूस. निघताना त्याने बाम्बेर्गच्या बिशपला मेरीमातेचे एक चित्र आणि काही छापचित्रे नजर केली आणि बदल्यात जकातमाफीचा परवाना पदरात पाडून घेतला. मग माइन नदीतून आणि पुढे ऱ्हाइनमधून त्याची नाव नाक्यामागून नाक्याला लागत गेली, आणि कुठे काय झाले ते तो रोजनिशीत टिपत गेला. बोपार्ट इथे ट्रिअरच्या आर्चबिशपचा नाका होता. तिथे त्याला ‘व्यापारी माल नेत नाही’ असे स्वतःच्या शिक्क्यानिशी लिहून द्यावे लागले. थोडे खाली लानश्टाइनला माइन्झच्या आर्चबिशपचा नाका लागला. तिथला जकातदार आग्नेसच्या ओळखीचा निघाला. त्याने जकात तर घेतली नाहीच, उलट वाइन भेट दिली.

असा परवाना आणि अशी ओळख प्रत्येक नावाड्याच्या नशिबी नव्हती. चौदाव्या शतकाच्या अखेरीस ऱ्हाइनवर साठच्या आसपास जकातनाके होते. वाइनची पिंपे, धान्य, मीठ, कापड, लाकूड, जे काही नदीतून जाईल त्यावर प्रत्येक वळणाला कुणीतरी हात पसरून बसलेला असे. आज पर्यटक ज्या किल्ल्यांची छायाचित्रे काढतात त्यांतले कितीतरी मुळात या वसुलीसाठीच राखलेले होते. बिंगेनजवळचा एरेनफेल्स किल्ला आणि नदीतल्या बेटावरचा ‘उंदीर मनोरा’ माइन्झच्या आर्चबिशपचे, कोब्लेन्झजवळचा श्टोल्झेनफेल्स ट्रिअरच्या आर्चबिशपचा. आणि या आर्चबिशपांनी सोन्याची नाणी पाडली ती ठिकाणे पाहिली तर नाक्यांचा आणि टांकसाळींचा शेजार लगेच ध्यानात येतो. माइन्झची टांकसाळ बिंगेनला, लानश्टाइनला आणि माइन नदीवरच्या होख्स्टला. ट्रिअरची कोब्लेन्झ आणि ओबरवेझेलला. कोलोनची बॉन, डॉइट्झ आणि रील इथे. कॅथेड्रलच्या सावलीपेक्षा नदीचा धक्का त्यांना सोयीचा होता. जकातीत देशोदेशीचे सोने जमा होई आणि तिथेच वितळवून त्यावर धन्याचा छाप बसे.

हे आर्चबिशप म्हणजे निव्वळ धर्मगुरू नव्हेत. पवित्र रोमन साम्राज्यात माइन्झ, ट्रिअर आणि कोलोनचे आर्चबिशप आपापल्या मुलखाचे राजेही होते. ते सैन्य बाळगत, कर घेत, न्याय करत आणि सम्राटाच्या निवडणुकीत मत देत. चौथ्या कार्लने १३५६ मध्ये काढलेल्या ‘सुवर्णमुद्रांकित फर्माना’ने सम्राट निवडणारे सात इलेक्टर पक्के केले. त्यांत हे तिघे होते. याच फर्मानाने इलेक्टरांना सोन्याचांदीची नाणी पाडण्याचा हक्कही दिला. मात्र यांची गादी वंशाने चालत नसे. सरदार घराण्यांतून आलेले कॅथेड्रलचे सभासद नवा आर्चबिशप निवडत आणि रोमचा पोप मान्यता देत असे. ती मान्यता फुकट मिळत नसे, हे पुढच्या कथेत महत्त्वाचे आहे.

पश्चिम युरोपात कित्येक शतके व्यवहार चालले होते चांदीवर. १२५२ मध्ये फ्लॉरेन्सने सोन्याचा फ्लोरिन काढला आणि चित्र पालटले. वजन साडेतीन ग्रॅमच्या किंचित वर, सोने जवळजवळ चोख, एका बाजूला लिलीचे फूल, दुसऱ्या बाजूला बाप्तिस्मा करणारा योहान. १२८४ मध्ये व्हेनिसने साधारण त्याच वजनाचा डुकाट काढला. आल्प्सपलीकडच्या जर्मन मुलखात इटालियन व्यापाऱ्यांबरोबर फ्लोरिन पोहोचला, लोकांना त्याची खात्री पटली, आणि मग राज्यकर्त्यांनी सरळ त्याची नक्कल केली. त्यात कुणाला लाज वाटली असे दिसत नाही. आव्हिन्यॉंला बसलेल्या पोप बाविसाव्या जॉननेही १३२२ पासून तशीच नाणी पाडली होती. चौदाव्या शतकाच्या मध्यास माइन्झचा गेरलाख, कोलोनचा विल्हेल्म आणि ट्रिअरचा बोएमुंड या आर्चबिशपांनी तेच केले. तीच लिली, तोच योहान, फक्त कडेच्या लेखात नाव आपले. बाजारात चालत्या नाण्याच्या पाठीवर बसून आपले नाणे पुढे ढकलायचे, असा हा व्यवहारी विचार होता.

पण नक्कल करणारे वाढले की हीण मिसळणारेही वाढतात. एका नदीवर चार-पाच सत्ता, प्रत्येकाचा गुल्डन (फ्लोरिनच्या या नकलेचे जर्मन नाव) दिसायला सारखा, आणि आतले सोने मात्र ज्याच्या त्याच्या इमानावर. सराफ हुशार होते. चांगली नाणी बाजूला काढून वितळवायची आणि हलकी पुढे चालवायची, हा त्यांचा धंदाच झाला. नुकसान शेवटी जकात घेणाऱ्यांचेच, कारण गल्ल्यात येणारी नाणी हलकी होत चालली. म्हणून १३८६ मध्ये माइन्झ, ट्रिअर आणि कोलोनचे तीन आर्चबिशप आणि चौथा ऱ्हाइनकाठचा पॅलेटिनेट संस्थानाचा राजा एकत्र बसले आणि त्यांनी चलनाचा करार केला. हा ऱ्हाइनचा नाणेसंघ. चौघांचा गुल्डन एका वजनाचा, एका कसाचा. कोलोनच्या एका मार्कात, म्हणजे सुमारे २३४ ग्रॅममध्ये, ६६ नाणी पाडायची आणि सोने २३ कॅरेटचे ठेवायचे. हिशेब केला तर नाण्यामागे सुमारे ३.४ ग्रॅम शुद्ध सोने येते.

हे चौघे काही एकमेकांचे जिवलग नव्हते. जमिनीवरून, नाक्यांवरून, पोपच्या आणि सम्राटाच्या मर्जीवरून त्यांचे सतत वाकडे असे. तरीही करार पुन्हापुन्हा नव्याने होत गेला आणि शंभर वर्षांहून जास्त काळ जर्मनीच्या पश्चिम भागात ऱ्हाइनचा गुल्डन हेच मोठ्या व्यवहाराचे माप राहिले. यामागे विश्वास कमी आणि पाळत जास्त होती. नमुन्याची नाणी राखून ठेवायची, प्रत्येक टांकसाळीवर कस पाहणारा पारखी नेमायचा, ठरल्या वेळी परस्परांची नाणी तपासायची. कुणी कमी सोने घातले की बाकीचे तिघे बोंब मारायला टपलेलेच. एकमेकांवर संशय घेणाऱ्या शेजाऱ्यांनी चलन सांभाळले ते त्या संशयाच्याच जोरावर.

या कराराची खूण नाण्यावर उघड दिसते. पुढच्या बाजूला संत उभा, आधी योहान, पुढे बहुधा संत पेत्र हातात किल्ली घेऊन. काही नाण्यांवर सिंहासनावर बसलेला ख्रिस्तही आहे. मागच्या बाजूला तीन किंवा चार पाकळ्यांच्या गॉथिक चौकटीत ढाली. मधली ढाल नाणे पाडणाऱ्याची, कडेच्या त्याच्या भागीदारांच्या. माइन्झचे चिन्ह चाक. विलिगिस नावाचा जुना आर्चबिशप गाडीची चाके करणाऱ्या कारागिराचा मुलगा होता, म्हणून चाक, अशी दंतकथा तिथे सांगतात. ट्रिअरचा क्रूस तांबडा आणि कोलोनचा काळा, पण सोन्यावर रंग कुठून येणार? त्यामुळे नाण्यावर दोघांचे क्रूस सारखेच दिसतात आणि नवशिक्या संग्राहकाची गंमत होते. शिवाय प्रत्येक आर्चबिशप आपल्या घराण्याची ढालही घुसवतो. नासाउ घराण्याचा असेल तर सिंह, मोएर्स घराण्याचा असेल तर आडवा पट्टा. बहुतेक नाण्यांवर साल नसते. मग अभ्यासक कोणाकोणाच्या ढाली एकत्र आल्या आहेत हे पाहतात, तो मेळ कोणत्या करारात बसतो ते शोधतात आणि तिथून नाण्याचे वय काढतात. तळहाताच्या मधोमध मावणाऱ्या, बावीस-तेवीस मिलिमीटरच्या चकतीवर धर्म, घराणे आणि परराष्ट्रधोरण अशा तिन्ही गोष्टी कोंबलेल्या आहेत.

या चकत्या घडत कशा? सगळे हातानेच. आधी सोन्यात ठरलेल्या प्रमाणात चांदी आणि तांबे मिसळून ओतीव कांबी करायच्या. त्या ठोकून पातळ पत्रा काढायचा, मधेमधे तापवून मऊ करायचा, कात्रीने तुकडे कापायचे, ठोकून गोल करायचे, वजन जास्त भरले तर कडा छाटायच्या. मग खरा छाप. खालचा ठसा टोकदार बुडाचा. तो लाकडाच्या जाड ओंडक्यात घट्ट ठोकून बसवलेला असे. त्यावर कोरी चकती ठेवायची, वरचा ठसा एका हाताने उभा धरायचा आणि दुसऱ्या हाताने हातोडा हाणायचा. वरचा ठसा घाव थेट सोसतो, म्हणून तो लवकर झिजे किंवा तडकत असे, आणि एका खालच्या ठशाच्या आयुष्यात वरचे अनेक ठसे संपत. हात हलला की संताला दोन नाके येत. चकती सरकली की कडेचा लेख एका बाजूला पूर्ण आणि दुसऱ्या बाजूला गायब. दोन गुल्डन कधीच हुबेहूब नसतात, आणि संग्राहकांना यंत्राच्या गुळगुळीत नाण्यांपेक्षा हातोड्याची नाणी का आवडतात याचे अर्धे उत्तर इथेच आहे.

हातोड्याच्या नाण्याची एक मोठी अडचण कडेला होती. कड सपाट, आकार पूर्ण गोल नाही, खाचा नाहीत. त्यामुळे कात्रीने जरासे सोने कातरून घेतले तर डोळ्याला पत्ता लागत नसे. म्हणून व्यापाऱ्याच्या खिशात छोटा तराजू असेच. प्रत्येक प्रकारच्या नाण्यासाठी वेगळे वजन, आणि ती सगळी वजने खाचांत बसवलेली लाकडी पेटी. अशा पेट्या बनवण्यात पुढे कोलोन शहरानेच नाव कमावले. कस पाहायला कसोटीचा काळा दगड होता. नाण्याची रेघ ओढायची आणि शेजारी ठरावीक कॅरेटच्या सुईची रेघ ओढून रंग ताडायचा. गेओर्ग आग्रिकोलाने १५५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खाणविद्येवरच्या ग्रंथात या सुयांचे बारकाईने वर्णन केले आहे. आपल्याकडच्या सोनाराला त्यात नवे काही वाटले नसते. खोटे नाणे पाडणाऱ्याला शिक्षा भयंकर असे. पाचव्या कार्लच्या १५३२ च्या फौजदारी संहितेत जिवंत जाळण्याची शिक्षा सांगितली आहे.

खुद्द राज्यकर्त्यांनी सोने कमी केले तर मात्र त्याला करार म्हणत. १३८६ चे २३ कॅरेट १४२५ पर्यंत १९ वर आले. १४९० मध्ये साडेअठरा. १५५९ च्या आउग्सबुर्गच्या शाही नाणे-कायद्याने गुल्डनचे वजन मार्कात ७२, म्हणजे सुमारे ३.२५ ग्रॅम, ठरवले आणि कस साडेअठराच ठेवला. नाण्यात उरले अडीच ग्रॅम सोने. पावणेदोनशे वर्षांत चौथा हिस्सा उडाला होता. व्हेनिसचा डुकाट मात्र १७९७ मध्ये ते प्रजासत्ताक बुडेपर्यंत जवळपास जसाच्या तसा राहिला. हाच डुकाट अरबी समुद्र ओलांडून पश्चिम भारतात ‘पुतळी’ झाला आणि मराठी बायकांच्या गळ्यातल्या पुतळ्यांच्या माळेत जाऊन बसला. ऱ्हाइनच्या गुल्डनला अशी मजल मारता आली नाही. तरी त्याच्या धन्यांना अगदीच दोष देता येत नाही. त्या काळात युरोपात सोन्याची टंचाई होती, बरेचसे सोने हंगेरीच्या खाणींतून विकत आणावे लागे, आणि ठरवून, सगळ्यांनी मिळून, सावकाश केलेली घट ही एकट्याने गुपचूप केलेल्या घटीपेक्षा बाजाराला सोसते.

गुल्डन कुठे कुठे खेळला याचे सगळ्यात चांगले उदाहरण माइन्झमध्येच आहे. योहानेस गुटेनबेर्गचे वडील तिथल्या टांकसाळीच्या मानकरी मंडळात होते असे मानतात. सोने पुरवणे आणि नाण्यांवर देखरेख ठेवणे हा या मंडळाचा वारसाहक्क. ठशावर एकेक अक्षर पोलादी खिळ्याने उमटवण्याची कला ज्या वर्तुळात रोजची होती, त्याच वर्तुळात मुद्रणाचे खिळे घडवणारा माणूस वाढला. दोन्हींचा थेट संबंध कागदोपत्री सिद्ध करता येत नाही, पण योगायोग म्हणून सोडून द्यावा इतका तो दूरचाही नाही. बायबल छापण्यासाठी गुटेनबेर्गने योहान फुस्टकडून दोन हप्त्यांत १,६०० गुल्डन उचलले. सोन्यात मोजले तर चार-साडेचार किलो. १४५५ मध्ये फुस्टने व्याजासह दोन हजारांहून अधिक गुल्डनचा दावा लावला आणि छापखाना हातचा गेला.

याच शहरात चारच वर्षांनी दुसरे प्रकरण उभे राहिले. १४५९ मध्ये निवडून आलेल्या डीटर फॉन इझेनबुर्ग या आर्चबिशपकडे रोमने मान्यतेपोटी वीस हजारांहून अधिक गुल्डन मागितले. नेहमीच्या रकमेपेक्षा हा आकडा फार मोठा होता. त्याने हात आखडला. पोप दुसऱ्या पायसने १४६१ मध्ये त्याला पदच्युत करून नासाउच्या आडोल्फला नेमले, दोघांत युद्ध पेटले आणि ऑक्टोबर १४६२ मध्ये आडोल्फच्या फौजेने माइन्झ लुटले. नागरिक हाकलले गेले, छापखान्यातले कारागीर पांगले आणि त्यांच्याबरोबर मुद्रणकला दुसऱ्या गावांत गेली.

तरीही सगळ्यात महागडा आर्चबिशप अजून यायचा होता. १५०४ ते १५१४ या दहा वर्षांत माइन्झची गादी तीनदा रिकामी झाली आणि प्रत्येक वेळी रोमला पैसे मोजावे लागले. गादीची ऐपत संपली. तेव्हा ब्रांडेनबुर्ग घराण्याचा तेवीस वर्षांचा आल्ब्रेख्त पुढे आला. यंदाचा खर्च मी उचलतो, असे त्याचे म्हणणे. त्याच्याकडे माग्डेबुर्गचे आर्चबिशपपद आधीच होते, त्यामुळे एकाहून जास्त पदे ठेवण्याची सवलतही विकत घ्यावी लागली. आउग्सबुर्गचा सावकार याकोब फुगर याने त्याला २९,००० गुल्डन कर्ज दिले. फेडायचे कसे? पोपने आल्ब्रेख्तच्या मुलखात पापमोचनपत्रे विकायला परवानगी दिली. अर्धा पैसा रोमच्या संत पेत्राच्या नव्या मंदिराला, अर्धा फुगरच्या कर्जाला. विक्रेत्यांसाठी आल्ब्रेख्तच्या नावे सूचनापत्रक निघाले आणि त्यात ऐपतीप्रमाणे दर लावले होते. राजे आणि बिशप यांनी निदान २५ ऱ्हाइन गुल्डन द्यावेत, खाली उतरत साध्या कारागिराला एक, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याने प्रार्थना आणि उपास करावेत. पेटीजवळ फुगरचा माणूस हजर असे. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी मार्टिन लूथरने या विक्रीविरुद्धचे आपले ९५ मुद्दे पत्रासोबत पाठवले ते याच आल्ब्रेख्तला.

दोन वर्षांनी पाचव्या कार्लच्या निवडणुकीत इलेक्टरांच्या मतांना भाव आला. एकूण खर्च सुमारे साडेआठ लाख गुल्डन, त्यांतले जवळजवळ साडेपाच लाख फुगरचे, आणि आल्ब्रेख्तच्या वाट्याला आलेली रक्कम लाखाच्या वर. हाती पैसा आला की तो सढळ होत असे. त्याच १५१९ मध्ये ड्यूररने त्याचे व्यक्तिचित्र तांब्यावर कोरून छापून दिले, तेव्हा त्याने २०० गुल्डन आणि कोटासाठी वीस हात किनखाबी कापड बक्षीस धाडले. आल्ब्रेख्तच्या स्वतःच्या नावाचे गुल्डनही आहेत. त्यांवर चाक आहे, घराण्याची ढाल आहे. कर्जाचा उल्लेख अर्थातच नाही.

सोळाव्या शतकात पारडे फिरले. बोहेमिया आणि तिरोलच्या खाणींतून चांदीचा लोट आला, जाडजूड चांदीचा टालर मोठ्या व्यवहारात शिरला, आणि सोन्यात चोख डुकाट पुढे सरकला. १५५९ च्या कायद्याने मार्कात ६७ नाण्यांचा, जवळजवळ शुद्ध सोन्याचा डुकाट मान्य केला तेव्हा गुल्डनचे दिवस भरत आले होते. याच शतकाच्या उत्तरार्धात तिरोलमधल्या हाल इथे पाण्यावर फिरणाऱ्या रुळांमधून पत्रा काढून छाप उमटवण्याचे यंत्र चालू झाले आणि हळूहळू हातोड्याचा आवाज टांकसाळींतून कमी होत गेला.

डुकाट पाडणाऱ्या धर्मराजांत साल्झबुर्गचे आर्चबिशप विशेष श्रीमंत, कारण त्यांना जकातीवर विसंबायची गरज नव्हती. गाश्टाइन आणि राउरिस या दऱ्यांतल्या सोन्याच्या खाणी त्यांच्या स्वतःच्याच होत्या. तिथला वोल्फ डीट्रिख फॉन राइटेनाउ भारी हौशी. १५९३-९४ मध्ये त्याने कित्येक डुकाट वजनाची मोठी सोन्याची नाणी काढली, त्यांवर वादळवाऱ्यात ठाम उभा असलेला बुरूज. पुढे मिठाच्या व्यापारावरून बव्हेरियाशी भांडण झाले, तो पकडला गेला, आणि १६१७ मध्ये मरेपर्यंत त्याला आपल्याच होहेनसाल्झबुर्ग किल्ल्यात कैदेत ठेवले गेले. बुरुजाने टिकाव धरला, धन्याने नाही.

१८०३ मध्ये साम्राज्यातली धर्मराज्ये एका ठरावासरशी मोडीत निघाली आणि त्यांचा मुलूख इतर राजांत वाटला गेला. व्युर्त्सबुर्गमध्ये तोवर एक जुनी प्रथा चालू होती. शहरातर्फे नव्या वर्षाची भेट म्हणून बिशप-राजाला सोन्याचे गुल्डन दिले जात. आता ते यंत्रावर पाडलेले असत, पण नाव तेच. बिशपचे राज्य गेल्यावर तोस्कानाचा फर्डिनांड तिथे ग्रँड ड्यूक म्हणून आला. शहराने त्याच्या नावाचे गुल्डन पाडले. १८१४ मध्ये व्युर्त्सबुर्ग बव्हेरियाकडे गेले. शहराने बव्हेरियाच्या राजाच्या मुखवट्याचे गुल्डन पाडले, आणि हा सिलसिला दुसऱ्या लुडविगच्या कारकिर्दीपर्यंत, १८६० च्या दशकातही, चालू होता.